सर्वानुमते

आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीला ४० पायऱ्यांची लोखंडी शिडी आहे. अंदाजपत्रकात कदाचित वेगळा आकडा असेल, पण मी स्वतः मोजल्या आहेत. २२ चढताना मोजल्या आणि उरलेल्या १८ मान वर करून, कारण बाविसाव्या पायरीवर मला मोजण्याखेरीज दुसरं कामच नव्हतं. गेल्या एप्रिलमधल्या एका सकाळी मी तिथं पावणेदोन तास होतो. वर जायचा धीर नव्हता, खाली यायची अक्कल नव्हती, आणि खाली सगळं गाव जमलेलं होतं.

पण हा पराक्रम एका सकाळीत झालेला नाही. त्याची तयारी मी तीन वर्षं करत होतो.

३४ वर्षं बँकेत काढून मी माणदेशातल्या आमच्या गावी परत आलो. निवृत्त माणसाला गावात तीन ठिकाणी जागा असते: पारावर, भजनात आणि समितीत. पारावरच्या मंडळींनी माझे बँकेतले किस्से दोन दिवस ऐकले आणि तिसऱ्या दिवशी मी येताना दिसलो की एकेकाला गुरांची आठवण व्हायला लागली. भजनात मी टाळ हातात घेतल्यावर मृदंगवाल्यानं मृदंग खाली ठेवला. राहिली समिती.

जलजीवन मिशनचं वारं तेव्हा नुकतं आमच्याकडं पोचलं होतं. २०१९ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून घोषणा झालेली: घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी. आमच्याकडं तोवर उन्हाळ्यातलं पाणी म्हणजे टँकर. टँकर आडात ओतायचा आणि मग ज्याचा पोहरा पहिला त्याची घागर पहिली. योजनेचा नियम असा की गावानं पाणी समिती करायची, तिच्यात निम्म्या बायका घ्यायच्या, आराखडा गावानं ठरवायचा, आणि गावातल्या कामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा लोकवर्गणी म्हणून उभा करायचा. रोख नसेल तर श्रमदान, नाहीतर वस्तुरूपानं.

समिती निवडायला ग्रामसभा बोलावली. कायद्यानं सभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. आमचे मतदार तेराशेच्या घरात, म्हणजे १०० माणूस हवं. आलं ३१. त्यातले दोघे सावलीला बसले होते आणि एकजण दुसऱ्या गावचा निघाला. सभा तहकूब. तहकूब झालेल्या सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी आमचं गाव आधी बघून ठेवलेलं असणार. पुढच्या आठवड्यात १९ जणांत समिती झाली.

अध्यक्ष सरपंच. म्हणजे कागदावर वहिनी. गाव मात्र ‘सरपंच’ त्यांच्या यजमानांना म्हणतं आणि वहिनींना ‘सरपंचांची मंडळी’. सचिव ग्रामसेवक, आमचे भाऊसाहेब. त्यांच्याकडं तीन गावं, त्यामुळं ते आमच्या वाट्याला एकतृतीयांश येतात. मला पद काहीच नव्हतं, म्हणून मी सगळीच कामं करू लागलो. त्यातलं मुख्य काम इतिवृत्त लिहायचं. माझं अक्षर चांगलं आणि भाषा बँकेत घोटलेली. ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन विषय सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ हे वाक्य मी इतक्या सफाईनं लिहीत असे की पुढंपुढं वाक्य आधी लिहून व्हायचं आणि सभा नंतर.

समितीतल्या बायकांचं म्हणाल, तर त्यांच्या जागी त्यांचे नवरे, दीर, एका ठिकाणी तर जावई येऊन बसायचा. नोंदवही संध्याकाळी घरोघर फिरायची आणि बायका चुलीपुढून हात पुसत सही करायच्या. अपवाद एकच, वरच्या आळीची आक्का. तिचा नवरा मुंबईला माथाडीत आणि पोरगा पुण्याला रिक्षावर. तिच्या जागी बसायला घरात पुरुषच नव्हता. म्हणून ती स्वतः यायची. नात्यानं ती माझी वहिनी लागते, पण सगळं गाव आक्का म्हणतं म्हणून मीही म्हणतो. ती सही करण्याआधी म्हणायची, “भावजी, काय लिवलंय ते वाचून दावा.” मी बँकेतल्या वेगानं वाचून दाखवायचो. बँकेतला वेग म्हणजे कर्जाच्या अटी वाचून दाखवताना असतो तो.

मग तालुक्याला प्रशिक्षण झालं. पंचायत समितीच्या सभागृहात दोन दिवस, चहा, वडापाव आणि पिशवी. प्रशिक्षण द्यायला आलेल्या ताई हुशार होत्या. त्यांनी सांगितलं की दीपा नारायण नावाच्या अभ्यासक बाईंनी जागतिक बँकेसाठी ४९ देशांतल्या १२१ ग्रामीण पाणी योजना तपासल्या, १९९५ साली त्याचा अहवाल निघाला, आणि जिथं पाणी वापरणारी माणसं पहिल्यापासून निर्णयात होती तिथल्या योजना नीट चालल्या, असं त्यात दिसलं. पाइप तोच, पंप तोच, फरक माणसांचा. मी हे वहीत लिहून खाली तीन रेघा मारल्या. त्यातून मी काढलेला अर्थ एवढाच, की योजना यशस्वी व्हायची असेल तर माझा सहभाग फार महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या दिवशी ताईंनी फळ्यावर शिडी काढली. शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, ती. सगळ्यात खाली लोकांची नुसती फसवाफसवी, मग वरवरची समजूत, मग माहिती देणं, मग सल्ला विचारणं, असं करत सहाव्या पायरीवर भागीदारी आणि आठव्यावर सगळा कारभार लोकांच्या हातात. “तुमचं गाव कितव्या पायरीवर?” त्यांनी विचारलं. मी हात वर करून म्हणालो, “सातव्या. आठव्याचं काम चालू आहे.” सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. आक्का मागून म्हणाली, “ताई, ती शिडी टेकवलीया कशाला?”

सगळे हसले. ताईसुद्धा हसल्या, पण मग त्यांनी खडू खाली ठेवला आणि थोडा वेळ फळ्याकडं बघत राहिल्या. मी वहीत लिहिलं नाही. ते प्रशिक्षणाच्या विषयात नव्हतं.

अभ्यासदौराही झाला. महाराष्ट्रातली निम्मी गावं आयुष्यात एकदा हिवरे बाजारला जाऊन येतात, तसे आम्हीही गेलो. गाडीत १८ पुरुष. आक्काला जागा नव्हती, कारण दोन सीटवर सरपंचांचे पाहुणे होते. तिथं पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं, किती पाऊस पडला, किती मुरला, किती उरला, आणि त्यावरून यंदा कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी तर पीक कमी. मला बँकवाला म्हणून ते फार पटलं. आम्ही फलकासमोर फोटो काढले आणि येताना शिर्डी, शनिशिंगणापूर करून आलो. हिवरे बाजारला तीन तास आणि देवांना दीड दिवस. इतिवृत्तात ‘पाणलोट व्यवस्थापनाबाबत सखोल अभ्यास केला’ असं आहे.

आता टाकीच्या जागेकडं येतो. इथंच मी सगळ्यात जास्त सहभागी झालो.

आमचं गाव उतारावर आहे. वर म्हसोबाचा माळ, त्याखाली वरची आळी, मग चावडी, खालची आळी आणि सगळ्यात खाली एसटीचा थांबा. माझं घर थांब्याजवळ. जिल्हा परिषदेचे कनिष्ठ अभियंता मोजणीला आले. वयानं माझ्या धाकट्या पोराएवढे, तिपाईवर यंत्र आणि हातात रंगवलेली पट्टी धरलेला एक माणूस. दिवसभर त्यांनी उंच-सखल मोजलं आणि संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, “काका, टाकी वर माळावर झाली तर बरं. सगळ्या गावाला आपोआप दाब मिळेल.”

माळ म्हणजे गायरान. गायरानावर बांधायचं तर प्रस्ताव, शेरे, वरची परवानगी, म्हणजे सहा महिने सहज. आणि इकडं काम सुरू करायची घाई. तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, “माझा एक गुंठा देतो. फुकट. बक्षीसपत्र उद्याच्या उद्या.” माझ्या घरामागचा तो गुंठा होता, बाभळी आणि खडक. त्यात कधी काही पिकलं नव्हतं. पण टाळ्या अशा वाजल्या की निवृत्तीच्या निरोप समारंभालाही तेवढ्या वाजल्या नव्हत्या. टाकी एसटीतून उतरल्याबरोबर दिसेल, हेही कुणीतरी म्हणालं. मला वाटतं मीच म्हणालो.

आक्का म्हणाली, “भावजी, पावसाचं पाणी म्हसोबापासनं आमच्या दारावरनं तुमच्या दारात जातं. तुमच्या दारातलं आमच्याकडं कवा आलंय का?”

“आक्का, ते पावसाचं. हे दाबाचं पाणी. दाबानं वर चढतं.”

“कुणाच्या दाबानं?”

मी तिला टाकीची उंची समजावून सांगितली. १२ मीटर. अभियंता काही बोलणार होते, पण मी त्यांना आणखी एक बशीभर पोहे घ्यायला लावले. त्यांनी जाताना हळूच सांगितलं, “मग उंची तरी वाढवायला हवी काका,” आणि ती वाढवायची म्हटल्यावर अंदाजपत्रक वाढतं, अंदाजपत्रक वाढलं की लोकवर्गणी वाढते, म्हणून तो विषय आम्ही पुढच्या सभेवर ढकलला. पुढची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. तहकूब सभेत तो विषय घ्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. जागेच्या ठरावाखाली मात्र माझं वाक्य आहेच, साधकबाधक चर्चेचं. आक्कानं सही करण्यापूर्वी वाचून दाखवायला सांगितलं होतं. ‘साधकबाधक’ म्हणजे काय, असंही तिनं विचारलं. मी म्हणालो, “बरंवाईट बोलणं.” ती म्हणाली, “वाईट कोण बोललं?” आणि आपणच ते, हे तिच्या लक्षात येऊन सही करून गेली.

लोकवर्गणीचं सांगायलाच हवं. कुठं कुठं ही वर्गणी ठेकेदारच भरून टाकतो आणि पावत्या गावाच्या नावानं फाडल्या जातात, असं कानावर येतं. आमच्याकडं तसं होऊ नये म्हणून मी स्वतः पावतीपुस्तक घेऊन दारोदार गेलो. सगळ्यात आधी पैसे आले ते वरच्या आळीतून, बचत गटाच्या बायकांनी घरटी गोळा करून, रुमालात बांधून, सुट्ट्यांसकट. खालच्या आळीनं वर्षभर लावलं. माझ्या स्वतःच्या घराची पावती फाटलीच नाही, कारण मी जागा दिली होती आणि ती वस्तुरूप वर्गणी धरावी असा ठराव मीच लिहिला होता. श्रमदानही केलं. चर खणताना जिओटॅगचा फोटो काढायचा होता म्हणून टिकाव घेतला, सहा घाव घातले आणि सातव्याला कंबर धरली. पुढचे आठ दिवस मी लाकडी बाकावर उताणा पडून होतो. फोटो मात्र छान आला आहे. मागे आक्का आणि तिच्या आळीतल्या बायका खरोखर खणताहेत, त्या धूसर दिसतात.

टाकी झाली. ५० हजार लिटरची. १८०० माणसं, माणशी ५५ म्हणजे दिवसाला ९९ हजार, म्हणून दोनदा भरायची. हिशेब माझाच आणि तो बरोबर आहे. टाकीखालच्या खोलीच्या भिंतीवर निळ्या रंगात ठसठशीत अक्षरं: ‘जागा दाते’, पुढं ‘श्री.’ आणि पुढं माझं सबंध नाव, वडिलांसकट. रंगवणाऱ्याला मी स्वतः चहा दिला.

पाणी सुटलं तेव्हा माझ्या अंगणातला नळ असा फुसांडला की रबरी नळी निसटून नाचायला लागली आणि वाळत घातलेल्या शेवया भिजल्या. केवढा तो आनंद. खालच्या आळीत गुलाल उडाला. वरच्या आळीत नळ सूं सूं आवाज करत होते. आक्काच्या नळाखाली हंडा ठेवला होता, तो सकाळी ठेवला तसाच संध्याकाळी होता, फक्त त्यात एक मुंगळा पडलेला.

कारण अगदी साधं. टाकी १२ मीटरवर, वरच्या आळीची जमीन टाकीच्या पायथ्यापेक्षा ९ मीटर उंच. हाताशी उरली तीन मीटरची उंची, त्यातली काही पाइपाच्या घर्षणात जाते, आणि उरलेल्यावर खालच्या आळीतल्या दोनशे तोट्या आधी डल्ला मारतात. हे मला आता कळतं. तेव्हा मी म्हणत होतो, “हवा अडकली असेल.” महिनाभर हवा अडकलेलीच होती. वरच्या आळीतल्या चौघांनी टिल्लू मोटारी आणून नळाला लावल्या, त्यामुळं त्यांना पाणी यायला लागलं आणि शेजारच्यांचं सूं सूंही बंद झालं.

या सगळ्या काळात मी काय करत होतो, हे सांगायला मला अजिबात आवडत नाही. मी गाडी धुत होतो. नळ जोरात होता, दुपार मोकळी होती, आणि १४ वर्षांची ती गाडी चकचकीत दिसली की बरं वाटायचं. एकदा मान वर केली तर माळाच्या कडेला, वरच्या आळीच्या गोठ्यांपुढं, सात-आठ बायका रिकाम्या घागरी घेऊन ओळीनं उभ्या होत्या. टँकरची वाट बघत. वरच्या आळीतून माझं अंगण सरळ दिसतं. अडतच नाही काही. मी नळ बंद केला. मग वाटलं, आता बंद केला तर लक्षात येईल. म्हणून पुन्हा थोडा चालू केला आणि जास्वंदीला पाणी घालायला लागलो.

सरकारी भाषेत अशा सगळ्यांना ‘लाभार्थी’ म्हणतात. तीन वर्षं मी हा शब्द ठरावांत लिहिला. लाभार्थी म्हटलं की हात जोडलेला माणूस डोळ्यांपुढं येतो. गाडी धुणारा येत नाही.

तर एप्रिल आला. योजना ताब्यात घ्यायची होती, त्यासाठी साहेब लोक येणार होते. त्याच्या आदल्या सकाळी वरच्या आळीच्या बायका हंडे घेऊन ग्रामपंचायतीपुढं बसल्या. पाणी सोडणारा शपथ घेऊन म्हणत होता, टाकी काठोकाठ भरलीय. सरपंच, म्हणजे यजमान, म्हणत होते निम्मीच आहे, हा झोपतो. वाद पेटला. तेव्हा मी पुढं झालो आणि प्रशिक्षणात शिकलेला शब्द वापरला. “मी स्वतः वर जाऊन पाहतो. याला सामाजिक लेखापरीक्षण म्हणतात.”

बायको म्हणाली, “गच्चीवर गहू टाकायला जाता तेव्हा खालून मला शिडी धरायला लागते.” हे तिनं चारचौघांत म्हणायला नको होतं. त्यामुळं जाणं भागच पडलं.

दहा पायऱ्या मी ऐटीत चढलो. पंधराव्याला वारा लागला. विसाव्याला पायजमा शिडीच्या एका सुट्या खिळ्यात अडकला, तो सोडवला. बाविसाव्याला खाली बघितलं. माझं अंगण दिसलं, गाडी काड्यापेटीएवढी, अगदी स्वच्छ. आणि माझ्या दोन्ही हातांनी, मला न विचारता, शिडी कवटाळली. पाय माझे होते की नाही याची खात्री देता येईना.

खाली आधी दहा माणसं होती. मग पंचवीस. एसटी आली, ती थांबून राहिली, उतारू उतरले. शाळा सुटायला वेळ होता तरी सुटली. मी गावात आल्यापासून गावानं एवढा एकदिलानं सहभाग कधी घेतला नव्हता. प्रत्येकाकडं सूचना होती. “म्यानेजर, उजवा पाय खाली!” “उजवा नको, डावा!” “डोळे मिटा!” “डोळे उघडा, पडाल!” दोन पोरांनी माझी चित्रफीत काढायला घेतली आणि तिसरं त्यांना सांगत होतं की उभा धरू नको, आडवा धर. एकानं गादी आणायला सांगितलं. गादी कुणाच्या घरची, यावर वाद झाला.

आणि भाऊसाहेबांनी सवयीनं डोकी मोजली. बोट नाचवत, ओठ हलवत. वरून मला स्पष्ट दिसलं. “एकशेबारा,” ते सरपंचांना म्हणाले.

आक्कानं ऐकलं. ती उठली, पदर खोचला आणि शिडीच्या बुंध्याशी येऊन उभी राहिली.

“भाऊसाहेब, शंभर झालं न्हवं? मग आता सभा घ्या. इषय आमच्या पाण्याचा.”

“आक्का, असं नाही चालत. ग्रामसभेला सात दिवस आधी नोटीस लागते.”

“मग सात दिस राहू द्या त्यास्नी वर.”

मी वरून ओरडलो की नोटिशीची मुदत शिथिल करावी. असं करता येतं की नाही मला माहीत नव्हतं, पण माझा त्याला पाठिंबा होता.

त्यानंतर जी सभा झाली तशी मी दुसरी पाहिलेली नाही, आणि तशा कोनातून तर नक्कीच नाही. आक्कानं मांडलं ते असं. वरची आळी आणि खालची आळी यांचं पाणी वेगवेगळ्या दिवशी सोडायचं. वरचा दिवस असेल तेव्हा खालच्या आळीचा व्हॉल्व्ह पक्का बंद. आणि व्हॉल्व्हची चावी, म्हणजे ती कमरेएवढी लोखंडी टी, वरच्या दिवशी वरच्या आळीच्या बायकांकडं राहणार. टिल्लू मोटारी काढायच्या, आधी आपल्या आळीतल्या. आणि म्हसोबाच्या माळावर छोट्या टाकीसाठी गायरानाचा प्रस्ताव आजच पाठवायचा. खालच्या आळीतले काही कुरकुरले, रोज पाणी मिळायचं ते दिवसाआड होणार. तेव्हा बायका नुसत्या वर बोट दाखवायच्या, माझ्याकडं. चर्चा झाली, आणि मला मान्य करावं लागेल, बरीवाईट दोन्ही झाली.

“भावजी, मंजूर का?” आक्कानं वर बघून विचारलं.

“मंजूर!”

“सर्वानुमते?”

“सर्वानुमते, आक्का, सर्वानुमते!”

“साधकबाधक झालं का?”

मी काय म्हणालो ते चित्रफितीत नीट ऐकू येत नाही, आणि बरंच आहे.

मग लाइनमनच्या हाताखालचा झिरो वायरमन आला. तो वरच्या आळीचाच पोरगा, खांबावर चढायची सवय असलेला. कमरेला दोर बांधून सरसर वर आला, माझ्या मागे उभा राहिला आणि माझा एकेक पाय हातात धरून खालच्या पायरीवर ठेवू लागला, लहान मुलाला चप्पल घालतात तसा. “काका, हा उजवा. आता हा डावा.” २२ पायऱ्या. मला जमिनीवर ठेवून तोच पुन्हा वर गेला आणि झाकण उघडून बघून आला.

टाकी काठोकाठ भरलेली होती.

पाणी सोडणाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. काही बोलला नाही. फक्त चावी खांद्यावरून उतरवली आणि आक्काच्या हातात दिली.

त्याला आता वर्ष झालं. गायरानाचा प्रस्ताव कुठल्यातरी टेबलावर आहे, त्याची चौकशी करायला आक्का दर महिन्याला तालुक्याला जाते आणि मला सोबत नेते, कारण अर्ज माझ्या अक्षरात चांगले दिसतात. मात्र मी लिहिलेलं ती आता आधी सुनेकडून वाचून घेते. सून गावातल्या त्या पाच बायकांपैकी आहे, ज्यांना पाणी तपासायची पेटी दिली आहे. ती नळीत पाणी घेते, औषधाचे थेंब टाकते आणि उजेडाकडं धरून बघते. पिवळं झालं तर टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, पडलंय, नाही झालं तर नाही. मागच्या महिन्यात एकदा झालं नाही. सकाळी सहाला ती नळी तशीच हातात घेऊन सरपंचांच्या दारात उभी राहिली. यजमान बाहेर आले. ती म्हणाली, “तुम्ही नव्हं, सरपंचास्नी बोलवा.” वहिनी आल्या. तेव्हापासून वहिनी सभेला येतात.

माझ्या नळाला पाणी दिवसाआड येतं आणि दाब बेताचा असतो. गाडी धुळीनं भरली आहे. शाळेतल्या पोरांनी मागच्या काचेवर बोटानं कायकाय लिहून ठेवलंय.

पाण्याच्या वेळापत्रकाला गावात सगळ्यांना दिसेल अशी जागा हवी होती. टाकीखालच्या खोलीची भिंत एसटीतून उतरल्याबरोबर दिसते, हे मीच सांगून ठेवलेलं. बायकांनी एका दुपारी भिंतीला गेरू दिला आणि वर चुन्यानं वार लिहिले. गेरू थोडा कमी पडला. माझ्या नावाच्या सुरुवातीचं एकच अक्षर निळं राहिलं आणि तिथूनच पहिली ओळ सुरू होते. त्यामुळं भिंतीवर आता असं वाचता येतं: ‘श्री. सोमवार – वरची आळी, पहाटे ५.’

पोरं मला त्याच नावानं हाक मारतात. परवा पोस्टमननंही मारली.